कमलचा चुडा आणि माझा डोळा

माझ्याकडं हल्ली बायका दोन कारणांनी येतात. एक बांगड्या भरायला आणि दुसरं, "मावशी, आमच्या सासूच्या डोळ्यात मोती पडलाय, तुमी कसं केलं?" हे विचारायला. बांगड्या भरता भरता सांगायला जावं तर मध्येच दुसरं गिऱ्हाईक येतं आणि गोष्ट नेमकी ऑपरेशनच्या टेबलावर अडकते. ऐकणारी बाई घाबरून घरी जाते. म्हणून एकदाच काय ते लिहून काढते. मी चौथीपर्यंत शिकलेली सोलापूरची कासारीण. डोळ्याच्या आत काय असतं ते डॉक्टरांना विचारा, बाहेर काय काय होतं ते मी सांगते.

निळा चुडा

सुरुवात कधी झाली ते मलाच कळलं नाही. डोळा दुखला नाही, लाल झाला नाही, पाणी आलं नाही. नुसतं धुरकट दिसायला लागलं. मी रोज आमच्या मालकांवर करवादायची, "अहो, दुकानातला दिवा बदला की, उजेड म्हणून नाही हितं." आमचे हे म्हणजे गरीब गाय. बिचाऱ्यांनी दोनदा दिवा बदलला. मग मी कपाटाच्या काचांना दोष दिला, मग चुलीच्या धुराला. स्वतःच्या डोळ्याला दोष द्यायचं काही सुचलं नाही.

धंदा मात्र चालू होता. आमच्या धंद्यात माप बोटांना कळतं. बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचं हाड जरा दाबलं की कुठली बांगडी चढेल ते मी डोळे मिटून सांगते. रंगांचं मी कप्प्यांवर भागवत होते. डाव्या हाताला हिरव्या बांगड्या, उजव्या हाताला निळ्या, वर लाल. कुणाला काही पत्ता लागला नाही.

त्या वर्षी दिवाळीची गर्दी ओसरली आणि ह्यांना साफसफाईची हुक्की आली. मी जेवायला घरात गेले तेवढ्यात सगळे कप्पे झाडून-पुसून बांगड्या परत लावून ठेवल्या, त्यांना आवडल्या तशा. पुढं तुळशीचं लग्न झालं, लगीनसराई सुरू झाली आणि गल्लीतल्या वाण्याच्या घरी नवरीचा चुडा भरायला मला बोलावणं आलं. निघताना मी डाव्या कप्प्यातल्या बांगड्या उचलल्या. तिथं गेले, पाटावर बसले, गप्पा मारत मारत नवरीचे दोन्ही हात भरले. भरून होईस्तोवर बायका गप्प झालेल्या. मला वाटलं, माझ्या हातावर खूश आहेत.

मग नवरीची आत्या म्हणाली, "अवो कासारीणबाई, ह्ये काय भरलंय?"

"काय म्हंजे? हिरवा चुडा."

"हिरवा? निळा हाय की ह्यो!"

नवरीच्या हातात लग्नाआधी निळा चुडा! पोरगी रडायला लागली, तिची आई माझ्याकडं बघत राहिली. साबण लावून मी एकेक बांगडी उतरवली. मग आमच्या दुकानासमोरच्या कासारणीला, तुळसाबाईला, बोलावलं आणि तिनं माझ्यादेखत हिरवा चुडा भरला. ती बाई वाईट नाही. पण त्या दिवशी तिच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकवेना.

घरी आले आणि आठवलं, माझ्या लेकीचं, कमलचं, लग्न माघात ठरलेलं होतं. आमच्या घरात लेकीचा चुडा आई भरते. माझा माझ्या आईनं भरला, तिचा तिच्या आईनं. गावातल्या अर्ध्या पोरींचे हात मी भरले आणि माझ्याच लेकीचा हात तुळसाबाईनं धरायचा? नाही म्हणजे नाहीच!

पिकलाय

सात रस्त्याजवळ डोळ्याचे एक डॉक्टर बसत. ह्यांनी मला तिथं नेलं. वाटेत मी हबकलेली होते. आता ते सांगणार, बाई, तुमची दृष्टी गेली, घरी जाऊन जप करत बसा.

डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा पिकलाय. डावा अजून कच्चा आहे."

"पिकलाय म्हंजे? पेरू हाय का काय?"

डॉक्टर हसले. "तसंच समजा. पिकला की काढायचा."

"काढला की दिसतं?"

"दिसतं. चष्मा लागेल, पण दिसतं."

आता तुम्हाला खरं सांगते, आजार सांगितल्यावर एवढा आनंद झालेली बाई त्या डॉक्टरांनी पाहिली नसेल. मी ह्यांचा हात धरून म्हटलं, "ऐकलंत का? काढता येतो!" बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांनासुद्धा मी सांगितलं.

"आणि नुसत्या थेंबानं नाही का जाणार?" ह्यांनी विचारलं.

"थेंबानं जात नाही. मध घालून जात नाही, कांद्याचा रस घालून जात नाही, सुरमा घालूनही जात नाही."

आम्ही दोघांनी खाली मान घातली. धुरकट दिसतंय म्हणून मधाची अर्धी बाटली माझ्या डोळ्यांत केव्हाच संपली होती आणि कांद्याच्या रसानं मी एक अख्खी दुपार बोंबलत काढली होती. तुम्ही यातलं काही करू नका. मध भाकरीबरोबर खा.

मग डॉक्टरांनी अटी सांगितल्या. ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधणार. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं नाही, कडक काही चावायचं नाही, हसायचं नाही. टाके नाजूक असतात, आतून जोर आला तर डोळा जाऊ शकतो.

आमचे हे पहिल्यांदाच तोंड उघडून ठामपणे बोलले, "डॉक्टरसाहेब, बाकीचं सगळं जमंल. हसायचं तेवढं अवघड हाय."

वन्सं आणि वैदू

ऑपरेशनची बातमी मोहोळला पोचली आणि दुसऱ्या गाडीनं माझ्या नणंदबाई हजर. त्या ह्यांच्याहून मोठ्या, त्यांचा शब्द घरात कुणी मोडत नाही.

"चाकू लावून घ्यायची काय गरज हाय?" वन्सं म्हणाल्या. "आमच्याकडं एक वैदू येतो. सुईनं मोती खाली ढकलतो. बसल्या जागी, चहा पिऊन हुईस्तोवर. लगीच दिसाय लागतं. आमच्या शेजारच्या काशीबाईचा न्हाय का ढकलला?"

मी म्हटलं, "वन्सं, काशीबाईला आता कसं दिसतंय?"

वन्सं म्हणाल्या, "आता न्हाय दिसत. पयले काही दिवस लई झ्याक दिसत हुतं."

"मग?"

"मग डोळा सुजला, ठणकला, आन्‌ गेला. पर ते तिचं नशीब."

मी म्हटलं, "वन्सं, माझ्या नशिबात तुमी हाय तेवढं पुरं हाय. वैदू नको."  मला वाटलं, आता भांडण पेटतंय. पण वन्संच आधी फिसकन हसल्या. मग त्यांनीच दवाखान्यासाठी माझं गाठोडं बांधलं आणि ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर माळ ओढत बसल्या.

मोती खाली ढकलला की वाटेतून बाजूला होतो, पण राहतो डोळ्यातच आणि पुढं डोळा खातो. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तुमच्या गावात असा कुणी आला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

टेबलावर

टेबलाची भीती घालवायची म्हणून सांगते. भूल फक्त डोळ्याला देतात. सुई टोचते ती कळते, नंतर नुसतं कुणीतरी बोटानं दाबल्यासारखं वाटतं. मी जागी होते. डॉक्टर मला विचारत होते, "कासारीणबाई, बांगड्यांचा धंदा कसा काय चाललाय?" आणि मी उत्तर देणार तोच म्हणाले, "बोलू नका." मग विचारता कशाला? असं मी मनातल्या मनात म्हटलं.

दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या, अंगावर दवाखान्याचा पांढरा झगा. बाजूच्या कॉटवर अगदी अशीच एक दुसरी बाई. तिचं नाव नरसम्मा. तेलुगू विणकरांच्या घरातली, नवरा-बायको दोघं चादरीच्या कारखान्यात. जन्म सोलापुरात गेलेला, त्यामुळं मराठी माझ्याइतकीच फटकळ. आम्ही एकमेकींचं तोंड बघितलेलं नव्हतं, पण पहिल्याच संध्याकाळी मैत्री जमली. खायला मऊ भात आणि पातळ खीर. मी म्हटलं, "कडक भाकरी आणि शेंगाच्या चटणीवर वाढलेल्या बाईला हे असलं?" नरसम्मा म्हणाली, "गप गिळ. चावायचं तेवढं वाचलं."

तिनवे

आता मुख्य गोष्ट.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सिस्टरनं सकाळी आमच्या कॉटांच्या जागा बदलल्या. खिडकीतलं ऊन नरसम्माच्या तोंडावर येत होतं म्हणून तिला भिंतीकडं नेलं आणि मला खिडकीकडं. दुपारी भेटीची वेळ झाली. नरसम्मा गोळीनं झोपलेली. कुणीतरी हळूहळू चालत आलं आणि माझ्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसलं. मग एका म्हाताऱ्याचा मऊ आवाज तेलुगूत बोलायला लागला.

माझी गिऱ्हाइकं निम्मी तेलुगू, त्यामुळं थोडंफार मला कळतं. म्हातारा सांगत होता, भात करपला. शेजारणीनं कालवण दिलं ते बरं नव्हतं. घरात भांडायला कुणी नाही, त्यामुळं जेवण जात नाही. तू लवकर ये.

मी ओळखलं, हा नरसम्माचा नवरा. पांढरा झगा, पट्टी, वाळूच्या पिशव्या, त्याला काय ओळखू येणार? मी सांगायला तोंड उघडलं, तर तोंडात चमचा आला. दहीभात.

"तिनवे," म्हातारा मायेनं म्हणाला. खा गं, असं त्यांच्यात बायकोला म्हणतात.

मी गिळलं. परत तोंड उघडलं, परत चमचा. "तिनवे, तिनवे."

पोटातून हसू वर यायला लागलं. डॉक्टरांचे शब्द आठवले. मी एक युक्ती केली. डोळ्यांपुढं तुळसाबाई आणली. तुळसाबाई आमच्या ओसरीवर बसलीय, माझ्या कमलचा हात तिच्या मांडीवर आहे आणि ती बांगडी चढवतेय. हसू तिथल्या तिथं थिजलं. वा रे युक्ती!

तेवढ्यात भिंतीकडून झोपाळलेला आवाज आला, "कोण हाय त्ये? कुणाला तिनवे म्हणतंय?"

"अय्यो!" म्हातारा ताडकन उठला. स्टूल पडलं.

नरसम्माला सगळा प्रकार कळायला वेळ लागला नाही. ती थंडपणे म्हणाली, "कासारीण, माझ्या वाटणीचा दहीभात कसा झालाय गं?"

"मीठ कमी हाय," मी म्हटलं.

परत हसू आलं, परत मी तुळसाबाईला बोलावली, परत थिजवलं. सुटले एकदाची, असं वाटलं. आणि मग पावलं वाजली. म्हातारा बाहेर कुणाकडून तरी चिमूटभर मीठ मागून घेऊन आला होता. आणि घाबरून, गडबडून, तो पुन्हा माझ्याच कॉटशेजारी येऊन उभा राहिला.

"तिनवे," म्हणाला.

मग मात्र तुळसाबाईचा काही इलाज चालला नाही. आवाज न करता मी हसले, पण पोट, खांदे, कॉट, सगळं गदगदा हललं. आणि एकदम उजव्या डोळ्यात कळ आली. गरम, खोल कळ. हसू जागच्या जागी मेलं.

कमल

डॉक्टर आले, पट्टी सोडून बघितलं. मग म्हणाले, "आत थोडं रक्त उतरलंय. टाके शाबूत आहेत. पडून राहिलात तर रक्त विरघळेल. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही." परत पट्टी बांधली.

संध्याकाळी कमल आली. सिस्टरनं तिला दारातच सांगितलं असणार. तिची पावलं मला माहीत, त्या दिवशी ती वेगळी वाजली.

"तुला हसू आवरलं नाही, आई?" तिचा आवाज चढला. "लहान आहेस का तू? सगळे रात्रंदिवस जिवाला घोर लावून बसलेत आणि तू हसतेस?"

मी म्हटलं, "अगं, त्यानं मीठ आणलं..."

"मीठ गेलं चुलीत!"

 मी हळूच म्हटलं, "कमल, जर का डोळा गेलाच, तर तुझा चुडा..."

"मला नको तो चुडा!" ती रडायलाच लागली. "तुळसामावशीनं भरू दे, नाहीतर कुणीच नको. मला तुझा डोळा पाहिजे. माझा चुडा, माझा चुडा, तुझं आपलं एकच. माझं कुणी विचारलंय का?"

मला रडायचीही परवानगी नव्हती. मी तिचा हात चाचपडत धरला आणि ती बराच वेळ माझ्या हातावर कपाळ टेकून बसली. आमच्या मायलेकींचं आयुष्यात एवढं खरं बोलणं तेव्हाच पहिल्यांदा झालं.

त्यानंतरचे दिवस लांबलचक गेले. मी भ्यायले होते, उगाच कशाला नाही म्हणू? नरसम्मा मात्र सोन्यासारखी वागली. मला हसू येऊ नये म्हणून ती रोज मुद्दाम कंटाळवाणं काहीतरी सांगायची. कांडी कशी भरतात. धागा तुटला की गाठ कशी मारतात. ताणा कसा लावतात. ऐकता ऐकता मला झोप लागायची आणि तिलाही लागायची. म्हाताऱ्याला तिनं सक्त ताकीद दिली होती, आधी माझं नाव घे, मी 'ओ' दिली की मगच बस.

काठ

पट्टी सोडली त्या सकाळी मी डोळा उघडायलाच तयार नव्हते. डॉक्टर म्हणाले, "उघडा, बाई." मी म्हटलं, "थांबा की जरा." सिस्टरनं खांद्यावर हात ठेवला. उघडला.

आकार कुठलाच धड नव्हता. सगळं पसरलेलं, पाण्यातून बघितल्यासारखं. पण उजेड! आणि त्या उजेडात माझ्यापुढं एक पांढरी साडी आणि तिच्या कडेला निळं.

"सिस्टर, तुमच्या साडीचे काठ निळे हैत!"

"हो मावशी, निळेच आहेत."

मी म्हटलं, "निळा असा असतो का हो? मी तर विसरूनच गेले होते." आणि खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडं वळले. ते हिरवं होतं. निळ्यापासून वेगळं, स्वच्छ हिरवं. मी परत काठ बघितले, परत झाड बघितलं. डॉक्टर म्हणाले, "रक्त विरघळलंय. आता चष्म्याचं बघू." मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण वाकायची बंदी होती, म्हणून ह्यांना पडायला लावलं.

दोन हात पुढं

चष्मा यायला वेळ लागला. डोळा पुरता भरल्याशिवाय नंबर काढत नाहीत, त्यात माझं ते हसणं आडवं आलेलं. लग्नाला थोडेच दिवस राहिले तेव्हा तो आला. उजव्या डोळ्यापुढं जाड भिंग, डाव्यापुढं दुधी काच. डाव्या डोळ्यातला मोती पुढच्या थंडीत काढला. तेव्हा सगळं सुरळीत झालं, त्यामुळं सांगण्यासारखं काही नाही.

चष्मा लावून पहिल्यांदा ह्यांच्याकडं बघितलं आणि मी ओरडलेच, "अहो, तुम्ही एवढे म्हातारे कधी झालात?"

हे म्हणाले, "तुला दिसत नव्हतं तवर बरा हुतो."

पण ह्या चष्म्याची एक खोड आहे, ती तुम्हाला कुणी आधी सांगणार नाही. त्यातून सगळं मोठं दिसतं आणि जवळ दिसतं. कप हाताशी आहे म्हणून धरायला जावं तर बोटं हवेत. मी ह्यांना चहा ओतला तो कपाच्या अलीकडं, थेट धोतरावर. उंबरा एवढा उंच दिसायचा की मी घोड्यासारखा पाय उचलायची आणि कमल हसून हसून दमायची. घाबरू नका. पहिले काही दिवस बसून काढा, मग भिंतीला धरून चाला. डोळा शिकतो.

पण बांगडी भरायला शिकेल का, हे मला माहीत नव्हतं. आणि तालीम करायला वेळच नव्हता.

माघ

चुड्याच्या दिवशी ओसरी बायकांनी भरली. वन्सं मोहोळहून आलेल्या. तुळसाबाईलाही मीच आमंत्रण दिलं होतं, ती कोपऱ्यात बसली. कमल पाटावर माझ्यासमोर. मी चष्मा लावला, हिरव्या बांगड्या उजेडात धरून नीट बघितल्या. हिरव्याच. मग तिचा हात हातात घेतला.

चष्म्यातून तो हात एखाद्या पैलवानाचा दिसत होता. मी त्या हिशोबानं बांगडी उचलली आणि चढवली. ती सरळ कोपरापर्यंत घसरत गेली आणि लोंबकळत राहिली.

 वाण्याच्या घरचा निळा चुडा सगळ्यांना आठवला असणार, मला तर आठवलाच. तुळसाबाई अर्धी उठली. तिला मदतच करायची होती, पण मला ती नको होती.  कमलनं फक्त हात माझ्या हातात होता तसाच राहू दिला.

आणि मग मला स्वतःच्या बावळटपणाचा राग आला. मी मलाच म्हटलं, सुंदराबाई, माप कधीपासून डोळ्यानं घ्यायला लागलीस?

ती ढिली बांगडी उतरवली, चष्मा काढून मांडीवर ठेवला. डोळे मिटले. अंगठ्याखालचं हाड दाबलं. हा हात मी न्हाऊ घातलेला, चिमटे काढलेला, शाळेत ओढत नेलेला. बोटांनी आपोआप लहान माप उचललं. एक चढली, दुसरी चढली. उजवा हात भरला, डावा भरला. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि त्या दिवशी एकही वाढली नाही. शेवटची चढली तशी तुळसाबाईच आधी बोलली, "झ्याक भरला गं, सुंदरे." वन्संनी पदरानं डोळे पुसले.

मी चष्मा परत चढवला. दोन्ही मनगटं हिरवीगार भरलेली. मग वर बघितलं. कमल चुड्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या डोळ्याकडं बघत होती.

"दिसतंय का गं, आई?"

"दिसतंय की," मी म्हटलं. "नाकावर कुंकू सांडलंय तुझ्या."

आणि ते पुसायला मी हात पुढं केला. पहिल्यांदा तो तिच्या कानाला लागला. दुसऱ्यांदा नाकाला.